नवी नळी, जुना आकडा: मुलांच्या मूत्राशयाचा दाब मोजताना

रात्री साडेदहाला ताईचा फोन आला तेव्हाच कळलं, काहीतरी बिनसलंय. "अगं, हॉस्पिटलमधून एक कागद दिलाय सहीला. नवीन कॅथेटरची चाचणी म्हणे. आपल्या पोरीवर प्रयोग करणार का गं हे लोक?"

पोर म्हणजे माझी भाची. वय आठ. गर्भात असताना तिच्या पाठीच्या कण्याचा एक भाग नीट मिटला नाही. डॉक्टर याला स्पायना बायफिडा म्हणतात. जन्मल्यावर लगेच ऑपरेशन झालं. आता ती जरा लंगडत चालते, शाळेत जाते, भावाशी कडाकडा भांडते. पण लघवीवर ताबा नाही. दिवसातून चार-पाच वेळा ताई तिला नळी घालून लघवी काढून देते आणि वर्षातून एकदा तिची युरोडायनॅमिक तपासणी होते, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजतात. त्या तपासणीची नळी बदलायचं घाटतंय, आणि बदलण्याआधी ती पारखून घ्यायची आहे. त्या नऊ पानी संमतीपत्राचा अर्थ एवढाच होता. पण तो लागायला मला, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला, दोन संध्याकाळी घालवाव्या लागल्या. असे कागद हातात घेऊन रात्री जागणाऱ्या कितीतरी आया असतील. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मोटर चालू, व्हॉल्व्ह बंद

मूत्राशय ही नुसती पिशवी नाही. ती स्नायूची पिशवी आहे आणि तिची दोन कामं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. भरताना तिने सैल राहायचं, रिकामी होताना आवळायचं. खाली तोंडाशी एक स्नायूचा नळ असतो. त्याने भरताना मिटून राहायचं आणि रिकामं होताना उघडायचं. हा मेळ मेंदू आणि पाठीचा कणा मिळून घालतात. निरोगी मुलाचं मूत्राशय भरत जातं तसं ऐसपैस होत जातं, आत दाब जवळजवळ वाढतच नाही. धान्य ओतावं तसतशी गोणी उलगडत जावी, तसं.

कण्यातल्या मज्जातंतूंना इजा असेल तर हा मेळ बिघडतो. पिशवी आवळते, पण नळ उघडत नाही. घरातली पाण्याची मोटर चालू आहे आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे, अशी स्थिती. पाणी जाणार कुठे? पाइपाच्या सांध्यांवर ताण येतो आणि जो सांधा कच्चा असेल तो आधी गळू लागतो. शरीरात तो कच्चा सांधा म्हणजे किडनीकडून येणारी वाट. लघवी त्या वाटेने उलटी वर जाऊ शकते, किंवा वरची लघवी खाली उतरायलाच अडते. काही मुलांत पिशवीची भिंतच जाड, ताठर होते आणि मग मोटर न लावताही, नुसतं भरता भरता आतला दाब चढतो.

यात सगळ्यात वाईट गोष्ट ही की हे दुखत नाही. मूल खेळत असतं, जेवत असतं, आणि आत किडनी हळूहळू खराब होत असते.

"मग सोनोग्राफीत दिसत नाही का?" ताईने विचारलं. दिसतं, पण उशिरा. सोनोग्राफीत किडनीला आलेली सूज दिसते, म्हणजे दाबाने केलेलं नुकसान दिसतं. खुद्द दाब दिसत नाही. भिंतीवर ओल दिसली म्हणजे पाइप फुटून दिवस झाले, हे आपल्याला घरात कळतंच.

चाळीस हा आकडा कुठून आला

दाब मोजायचा तर एकक हवं. इथे एकक आहे 'सेंटीमीटर पाणी'. उभ्या नळीत १० सेंटीमीटर पाणी भरलं की तळाशी जेवढा दाब पडतो, तो १० सेंटीमीटर पाणी. त्यात अवघड काही नाही.

१९८१ साली अमेरिकेत एडवर्ड मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी कण्याचा असा जन्मजात दोष असलेल्या ४२ रुग्णांच्या नोंदी मांडल्या. मूत्राशय भरत भरत ज्या दाबाला लघवी आपोआप बाहेर गळते, तो दाब त्यांनी मोजला होता. ज्यांच्यात हा दाब ४० सेंटीमीटर किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यापैकी एकाचीही लघवी किडनीकडे उलटी जात नव्हती. ज्यांचा दाब त्याहून जास्त होता, त्यांच्यापैकी ६८ टक्क्यांत ती उलटी जात होती आणि ८१ टक्क्यांत किडनीकडून येणारी नळी फुगलेली होती.

तेव्हापासून ४० हा आकडा मुलांच्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या डोक्यात पक्का बसला. आता डॉक्टर एकट्या चाळीसवर विसंबत नाहीत. दाब किती वेळ चढलेला राहतो, मूत्राशय किती ताठर आहे, सोनोग्राफी काय म्हणते, जंतुसंसर्ग किती वेळा झाला, हे सगळं पाहतात. कमी दाबालाही धोका असू शकतो, हेही आता माहीत आहे. तरीही औषध वाढवायचं का, मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन द्यायचं का, आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करण्याची शस्त्रक्रिया करायची का, अशा निर्णयांत या दाबाच्या आकड्याचं वजन फार असतं.

चाळीस सेंटीमीटर म्हणजे जेमतेम एक हात, कोपरापासून बोटांपर्यंत. एवढ्याशा पाण्याच्या उंचीवर एका मुलीची किडनी आणि तिची शस्त्रक्रिया ठरायची असेल, तर ती उंची मोजणारी नळी बरोबर सांगते की नाही, हा प्रश्न बारीकसारीक म्हणता येणार नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातला मुख्य प्रश्न तोच आहे.

तपासणीच्या खोलीत काय होतं

गेल्या वर्षी मी भाचीबरोबर आत होते. ती खोली अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीवर फुलपाखरांचे स्टिकर, मधोमध खुर्चीसारखं टेबल, खाली लघवीची धार मोजणारं भांडं. आदल्या दोन दिवसांपासून तिला पोट साफ होण्याचं औषध दिलं होतं, कारण आतड्यात मळ साठलेला असला तर दाबाचं मोजमाप बिघडतं. सिस्टरने बधिर करणारी जेली लावली, मोबाइलवर कार्टून लावून दिलं आणि लघवीच्या मार्गातून एक बारीक नळी आत सरकवली. दुसरी शौचाच्या जागेतून. मग पंपाने सलाइन मूत्राशयात सोडायला सुरुवात झाली.

आठ वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण किती मावायला हवं, याचा एक सोपा हिशेब आहे: वयात एक मिळवा आणि ३० ने गुणा. म्हणजे नऊ गुणिले तीस, २७० मिलिलिटर. भरायचंही सावकाश, मिनिटाला या अपेक्षित मापाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे तिच्यासाठी मिनिटाला साधारण १४ ते २७ मिलिलिटर. जोरात भरलं तर चांगलं मूत्राशयही बिथरतं आणि खोटाच दाब दाखवतं.

पडद्यावर तीन रेषा सरकत होत्या. थोड्या थोड्या वेळाने टेक्निशियन म्हणायचे, "बाळा, एकदा खोकून दाखव." ती खोटं खोटं खोकायची आणि वरच्या दोन रेषांवर एकदमच टोकं उमटायची. मला वाटलं, मुलीचं मन रमवायला चाललंय. नाही. ती नळ्यांची परीक्षा होती.

पातेल्यासकट वजन

नळ्या दोन का, ते इथे कळतं. मूल खोकलं, रडलं, हसलं, कुंथलं की पोटातला सगळाच दाब वाढतो आणि तो मूत्राशयावरही पडतो. पण आपल्याला हवा असतो फक्त मूत्राशयाच्या स्नायूचा स्वतःचा दाब. दूधवाला पातेल्यासकट वजन करतो आणि मग रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करतो. इथेही तेच. मूत्राशयातली नळी सांगते एकूण दाब, मागची नळी सांगते पोटाचा दाब. दुसरा पहिल्यातून वजा केला की स्नायूचा दाब उरतो. पडद्यावरची तिसरी रेषा हीच.

खोकल्यावर वरच्या दोन्ही रेषा सारख्याच उसळल्या तर समजायचं की दोन्ही नळ्या नीट ऐकताहेत. एक उसळली आणि दुसरी थंड राहिली, तर कुठेतरी बुडबुडा आहे, पीळ पडलाय किंवा नळी सरकलीय.

वजाबाकीत एक खोच आहे. एक नळी पाचने जास्त दाखवत असेल आणि दुसरी पाचने कमी, तर उत्तरात दहाचा घोटाळा होतो. खऱ्या ३४ चे ४४ होतात. चाळीसची वेस इथेच ओलांडली जाते.

गवंड्याची लेव्हल आणि जत्रेतला बेडूक

आता मूळ भांडणाकडे येऊ. दाब मोजायच्या नळ्या मुख्यतः तीन तऱ्हेच्या आहेत. तिसरीत टोकावरच छोटा इलेक्ट्रॉनिक सेन्सर असतो. ती अचूक असते, पण महाग आणि नाजूक. ती बाजूला ठेवू, कारण ताईच्या कागदातला सामना पहिल्या दोघींत आहे: पाण्याची नळी आणि हवेची नळी.

पाण्याची नळी समजायला गवंडी आठवा. तो पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतो. नळी कितीही वाकडीतिकडी गेली तरी दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत राहतं. पण आत एक बुडबुडा राहिला की लेव्हल चुकली. दाबाच्या पाण्याच्या नळीचं तसंच आहे. नळीभर पाणी असतं, मूत्राशयातला दाब ते पाणी बाहेर ठेवलेल्या दाबमापकापर्यंत पोहोचवतं. तो मापक ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीला लावायचा आणि बाहेरच्या हवेवर शून्य करायचा, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. मापक १० सेंटीमीटर वर-खाली झाला की आकडाही १० सेंटीमीटरने चुकतो, सरळ हिशेब आहे.

मोठं माणूस शांत पडून राहतं. चार वर्षांचं पोर? ते उठून बसतं, पाय झाडतं, आईच्या गळ्यात पडतं. दर वेळी पातळी बदलते, पाण्याने भरलेली नळी हिंदकळते आणि रेषेवर नाचरी टोकं येतात. त्यातली खरी कुठली आणि हिंदकळण्याची कुठली, हे ओळखायला मुरलेली नजर लागते.

हवेच्या नळीसाठी जत्रेतला रबरी बेडूक आठवा. हातातला फुगा दाबला की बारीक नळीतून हवा जाते आणि बेडूक टुणकन उडी मारतो. हवेच्या कॅथेटरच्या टोकाजवळ असाच इवलासा फुगा असतो, आत किंचित हवा. मूत्राशयाचा दाब त्या फुग्यावर पडतो आणि आतली हवा तो निरोप बाहेर मापकाकडे नेते. हवेला वजन जवळपास नाहीच, त्यामुळे मापक वर आहे की खाली याने फरक पडत नाही. हिंदकळणंही कमी. बुडबुडे झटकत बसायला नको. चुळबुळ्या पोरासाठी ही नळी बरी वाटावी, यात नवल नाही.

पण ती वेगळ्या तऱ्हेने चुकते. हवा दबते, स्प्रिंगसारखी. त्यामुळे खोकल्यासारखा झटक्याचा दाब हवेची नळी थोडा बोथट करून दाखवते, तर पाण्याची नळी उलट तोच झटका थोडा उसळवून दाखवते. प्रयोगशाळेत दोघींना एकाच दाबाखाली ठेवून हे पाहिलेलं आहे. शिवाय हवेची नळी फुगा जिथे आहे तिथला दाब सांगते आणि पाण्याची नळी हाडाच्या पातळीचा. फुगा त्या पातळीपेक्षा तीन-चार सेंटीमीटर खाली असेल तर दोघींच्या आकड्यांत तेवढा फरक पडणारच. दोघीही खरं बोलताहेत, पण वेगवेगळ्या जागेबद्दल. सावकाश भरताना हा फरक सहसा लहान राहतो. पण सगळे नियम आणि नेहमीची मापं पाण्याच्या नळीवर बेतलेली आहेत. म्हणून हवेच्या नळीने आलेला ३९ हा जुना ३९ आहे असं गृहीत धरून चालत नाही.

मुलापर्यंत पोहोचण्याआधी

नवी नळी थेट मुलात घालत नाहीत. आधी तिच्या प्लास्टिकची तपासणी होते. ते पेशींना मारतं का, आग करतं का, ॲलर्जी आणतं का, हे बघायचं. त्यासाठी आयएसओ १०९९३ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. स्पायना बायफिडाच्या मुलांच्या बाबतीत यातला एक मुद्दा जीवाचा आहे. लहानपणापासूनच्या शस्त्रक्रिया आणि रोजच्या नळ्यांमुळे या मुलांत लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची ॲलर्जी फार आढळते. ती जिवावरही बेतू शकते. म्हणून नळीत, फुग्यात, हातमोज्यात, कुठेच लॅटेक्स नको. ताईला मी सांगितलं, कागदात हा शब्द शोध आणि नसेल तर विचार.

मग टेबलावरची परीक्षा. उंच काचेच्या नळीत ५० सेंटीमीटर पाणी घेऊन तळाशी कॅथेटर ठेवलं तर ५० दाखवतं का? तासभर तसंच ठेवलं, शरीराइतकं गरम पाणी घेतलं, तरी ५० च राहतं की हळूहळू सरकतं? फुगवलेला फुगा टाचणीने फोडून एका झटक्यात दाब सोडला तर रेषा किती वेळात खाली येते? दाब मोजणाऱ्या नळ्या पारखायला ही फुगा फोडायची पद्धत खरोखर वापरतात. मी ती वर्गात करून दाखवणार आहे.

यानंतर मोठी माणसं. आणि मगच मुलं.

मोठ्यांवर झालं ना, मग पोरांवर कशाला?

ताईचा हा प्रश्न सगळ्यात रास्त होता.

नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या मापात सांगतात. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. मुलांसाठी सहसा ६ फ्रेंचची, म्हणजे २ मिलिमीटर जाडीची नळी वापरतात, उदबत्तीच्या काडीपेक्षा किंचित जाड. एवढ्याशा जाडीत दोन वाटा असतात, एक सलाइन आत सोडायची, दुसरी दाब मोजायची. आता समजा नवी नळी ७ फ्रेंचची आहे. एकाचाच तर फरक, असं वाटतं. पण नळीने अडवलेली जागा जाडीच्या वर्गाने वाढते. सहाचा वर्ग ३६, सातचा ४९. जागा एक तृतीयांशाहून जास्त अडली. मोठ्या माणसाच्या मूत्रमार्गात हे जाणवतही नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्रमार्गात ती नळी बुचासारखी बसू शकते. धार अडते, ती ढकलायला मूत्राशय जास्त जोर लावतं, आणि तपासणी सांगते, 'दाब जास्त आहे'. तो दाब आजाराचा नसतो, आपणच घातलेल्या नळीचा असतो.

शिवाय तान्हं बाळ सांगून खोकत नाही. त्याच्या रडण्यावरून किंवा पोटावर हलकेच दाबून नळ्यांची परीक्षा घ्यावी लागते. लहान मूत्राशयात नळीचं टोक भिंतीला टेकण्याची शक्यताही जास्त. यातलं काहीच मोठ्यांच्या चाचणीत कळत नाही. मोठ्यांवर पारखलेली नळी न पारखता मुलांना वापरणं हाही प्रयोगच असतो. फक्त त्याची नोंद कोणी ठेवत नाही आणि सहीही कोणी घेत नाही.

दोन तराजू

समजा बाजारात नवा तराजू आला आणि तुम्हाला तो जुन्याशी ताडून पाहायचाय. वीस पिशव्या दोन्हींवर तोलल्या. जुन्यावर जड निघालेली पिशवी नव्यावरही जड, हलकी ती हलकी. दोघांचं छान जुळतंय, असं कोणीही म्हणेल. पण नवा तराजू प्रत्येक पिशवीला दोन किलो जास्त दाखवत असला तरी हे 'जुळणं' शंभर टक्केच निघेल! दोन मापं एकमेकांबरोबर वर-खाली होतात आणि दोन मापं एकच आकडा देतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैद्यकातही हा गोंधळ बरीच वर्षं चालला. १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर साधा उपाय मांडला. प्रत्येक पिशवीचा फरक लिहा, नवा वजा जुना. मग त्या फरकांची सरासरी काढा, आणि ते फरक किती पसरलेत तेही बघा.

पसारा बघणं मोलाचं. नुसत्या उदाहरणासाठी कल्पना करा की नव्या नळीचा सरासरी फरक फक्त १ सेंटीमीटर निघाला. वा! पण शंभरातल्या साधारण ९५ मुलांचे फरक उणे ९ पासून अधिक ११ पर्यंत पसरलेत. म्हणजे जुन्या नळीने ३६ आलेल्या मुलीचा नव्या नळीने २७ ही येऊ शकतो आणि ४७ ही. सरासरी कितीही गोड असली तरी अशी नळी चाळीसच्या वेशीवर उभ्या असलेल्या मुलीच्या कामाची नाही. म्हणून किती फरक चालेल, हे चाचणी सुरू होण्याआधीच लिहून ठेवावं लागतं. बाण मारून झाल्यावर भोवती वर्तुळ काढलेलं चालत नाही.

आणखी एक. जुनी नळीही दर वेळी तोच आकडा देत नाही. मूत्राशय पुन्हा भरलं की ते थोडं निराळं वागतं. म्हणून तर मुलांत ते निदान दोनदा भरून पाहायचा प्रघात आहे. नव्या नळीतला फरक जोखताना जुनीचा स्वतःशीच किती फरक पडतो, तेही हाताशी हवं. नाहीतर मूत्राशयाच्या लहरीपणाचं खापर नळीवर फुटतं.

मुलांत दोन्ही नळ्या एकाच वेळी घातल्या तर तुलना सोपी होईल, पण मूत्रमार्ग तुंबेल. म्हणून एकीनंतर दुसरी. आधी कुठली, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतात, नाहीतर दुसऱ्या वेळचं दमलेलं मूत्राशय कायम एकाच नळीच्या वाट्याला येईल. रेषा वाचणाऱ्या डॉक्टरांना कुठली रेषा कुठल्या नळीची हे सांगत नाहीत. आणि उपचार ठरतात ते नेहमीच्या नळीच्या आकड्यावरच.

यात मुलीला काय सोसावं लागतं? एक जादा नळी आणि अर्धा-पाऊण तास. दुसऱ्यांदा नळी घातल्याने एखाददोन दिवस जळजळ होऊ शकते, लघवीला किंचित लाली येऊ शकते, जंतुसंसर्गाचा धोका थोडा वाढतो. 'काहीच नाही होणार' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. जे होऊ शकतं ते कागदावर लिहिलेलं हवं आणि झालंच तर उपचाराचा खर्च कोण करणार, तेही.

"पण कंपनीच पैसे देते ना?"

बऱ्याचदा देते, आणि शंका घेणं योग्यच आहे. तिच्यावर लगाम आहेत, ते आपल्याला माहीत हवेत. भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत. इथे ज्याच्यासारखं आधीचं मान्य उपकरण नाही, असं नवं उपकरण माणसांवर तपासायला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी लागते. रुग्णालयाच्या नीतिसमितीची मान्यता लागते, आणि त्या समितीत डॉक्टरांखेरीज कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते. २००७ साली सुरू झालेली ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. कागदावरचा नोंदणी क्रमांक तिथे टाकला की किती मुलं घेणार, काय मोजणार, पैसा कोणाचा, हे दिसतं. ताईच्या कागदावर क्रमांक होता. आम्ही दोघींनी फोनवर बोलत बोलतच तो शोधला. पंधरा मिनिटं लागली आणि तिचा आवाज निम्मा सैल झाला.

मुलांबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणखी एक गोष्ट सांगतात. आईबापाची सही पुरेशी नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून तोंडी होकार घ्यायचा, बारा ते अठराच्या मुलाकडून लेखी. आणि मूल नको म्हणालं तर त्याचं ऐकायचं.

ताईच्या फायलीतले दोन आकडे

हे सगळं वाचताना मला ताईच्या फायलीतली एक जुनी गोष्ट उलगडली. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी भाचीचा दाब २६ आला होता. गेल्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी ३७. त्या अकराने ताईची झोप उडवली होती. औषध वाढलं, तोंड कोरडं पडायला लागलं, बद्धकोष्ठ वाढलं. मी दोन्ही रिपोर्ट पुढ्यात घेतले. कुठली नळी वापरली, पाण्याची की हवेची, किती फ्रेंचची, मूल झोपलेलं होतं की बसलेलं, यातलं एक अक्षरही पहिल्या रिपोर्टात नाही. दुसऱ्यात नळीची जाडी आहे, जात नाही. ते अकरा मूत्राशयाचे की नळीचे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. डॉक्टरांनी सावधगिरीची बाजू घेतली, ते बरोबरच होतं. पण रिपोर्टात एक ओळ जास्त असती तर निदान अंदाज बांधता आला असता. त्यामुळे चाचणीत भाग घ्या अथवा नका घेऊ, दर वर्षी रिपोर्ट हातात घेताना नळीची जात आणि जाडी लिहून मागा. जमेल तोवर दर वेळी एकाच जातीच्या नळीने तपासणी करून घ्या. बदलावी लागली तर त्या वर्षीचा आकडा मागच्याशी थेट ताडू नका, डॉक्टरांना विचारा.

ताईने सही केली. भाचीला मी समजावलं, जत्रेतला बेडूक आणि गवंड्याची नळी दोन्ही चित्र काढून. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दोन्ही एकदम घालणार?" नाही म्हटलं. "मग पहिली चालेल. दुसरीचं तेव्हा बघू."

गेल्या गुरुवारी तपासणी झाली. चिठ्ठीत जुनी नळी आधी आली. सगळं सुरळीत झालं, तिने सहा वेळा खोकून दाखवलं. नळी काढली, सिस्टरने नव्या नळीचं पाकीट हातात घेतलं, आणि भाचीने मान हलवली. नको. ताई काहीतरी बोलणार होती, पण डॉक्टर वाकून तिला म्हणाले, "आज पुरे का गं?" ती म्हणाली, "पुरे." त्यांनी हातमोजे काढून टाकले, पाकीट न फोडता ट्रेमध्ये परत ठेवलं आणि फॉर्मवर लिहिलं: दुसरी नळी घातली नाही, मुलीची इच्छा नाही. मग तिला विचारून कार्टूनचा उरलेला भाग लावून दिला.